लिग्निन पेरॉक्सिडेज शोधायला निघालो आणि ते त्या बुरशीत नव्हतंच : एका सीक्वेन्स शोधाची केस

पार्श्वभूमी

एका छोट्या लॅबमधली गोष्ट आहे. कोण, कुठली लॅब, कुठली बुरशी हे सगळं काढून टाकलंय, बाकी जसं घडलं तसंच लिहितेय. मी त्या ग्रुपमध्ये नव्हते, पण सीक्वेन्सचं काही अडलं की मला बोलावतात, तसं बोलावलं होतं.

त्यांच्याकडे सडलेल्या ओंडक्यावरून आणलेली एक व्हाइट रॉट बुरशी होती. व्हाइट रॉट म्हणजे लाकडातलं लिग्निन (लाकडाला कणखरपणा देणारा घटक) खाऊन लाकूड पांढरट, तंतुमय करून टाकणाऱ्या बुरशा. प्लेटमध्ये रेमाझॉल ब्रिलियंट ब्लू हा निळा डाय घातला की चार-पाच दिवसांत बुरशीभोवती रंग उडायचा. आणि कल्चरच्या पाण्यात व्हेराट्रिल अल्कोहोल घातलं की ३१० नॅनोमीटरला रीडिंग सरसर वर जायचं. व्हेराट्रिल अल्कोहोलचं ऑक्सिडेशन होऊन व्हेराट्रल्डिहाइड बनतं आणि ते ३१० ला दिसतं, ही लिग्निन पेरॉक्सिडेजची, म्हणजे हायड्रोजन पेरॉक्साइड वापरून लिग्निन तोडणाऱ्या एन्झाइमची, अगदी ठरलेली टेस्ट आहे, त्यामुळे ग्रुपच्या सरांनी तिथेच ठरवून टाकलं की आपल्याकडे लिग्निन पेरॉक्सिडेज आहे. (पुढे मी याला लिप म्हणते, मँगनीज पेरॉक्सिडेजला एमएनपी आणि दोन्हीची कामं करणाऱ्या व्हर्सटाइल पेरॉक्सिडेजला व्हीपी.)

बुरशीचा ड्राफ्ट जीनोम झाला होता, आरएनए सीक्वेन्सिंगही झालं होतं. प्लॅन सोपा होता : डेटाबेसमधून लिपचे सीक्वेन्स गोळा करायचे, त्यांच्यावरून आपल्या जीनोममधला जीन ओळखायचा, तो बाहेरून सिंथेसाइज करून घ्यायचा आणि प्रोटीन बनवायचं. काम पीएचडीच्या पहिल्या वर्षाच्या एका मुलीकडे होतं. हुशार, पण हे काम तिला कुणी शिकवलं नव्हतं. खरं तर हे कुणालाच कुणी शिकवत नाही, सगळे आपापलं ढकलत ढकलत शिकतात.

प्रॉब्लेम काय झाला

तिने एनसीबीआयच्या प्रोटीन डेटाबेसमध्ये "लिग्निन पेरॉक्सिडेज" टाइप केलं, फंगसचा फिल्टर लावला आणि आलं ते सगळं एका फास्टा फाइलमध्ये (सीक्वेन्स ठेवायची साधी टेक्स्ट फाइल) उतरवून घेतलं. मग वाटलं कमी पडेल, म्हणून नुसतं "लिप" टाकूनही शोधलं, आणि त्यात लायपेज आले, ढिगाने. लायपेज म्हणजे चरबी तोडणारे एन्झाइम, त्यांच्याही जीनची नावं लिप-ए, लिप-बी अशीच असतात. हे तिच्या लक्षात आलं आणि तिने ते काढले, पण बाकीचा कचरा लायपेजइतका उघड नव्हता.

एक तर निम्म्याहून जास्त नुसते तुकडे होते. कुणीतरी डिजनरेट प्रायमर लावून पीसीआर केलेला, मधला शंभर-सव्वाशे अमिनो आम्लांचा भाग. पूर्ण लिप साधारण साडेतीनशे अमिनो आम्लांचं असतं, मग त्या तुकड्यात ओळख पटवणारी जागा असेल की नाही हा नशिबाचा भाग. दुसरं म्हणजे बऱ्याच नोंदींची नावं मशीनने दिलेली. एका जीनोमला जुन्या नोंदीवरून नाव मिळालं, त्यावरून दुसऱ्याला, दुसऱ्यावरून तिसऱ्याला, आणि मुळात कुणीच ते प्रोटीन हातात घेऊन बघितलेलं नाही.

आणि नावांचा गोंधळ तर विचारूच नका. या क्षेत्रातली सगळ्यात जुनी ओळखीची बुरशी फॅनेरोकीटी क्रायसोस्पोरियम. लिग्निन तोडणारं पेरॉक्सिडेज १९८३ मध्ये हिच्यातच सापडलं, १९८७ मध्ये त्याच्या सीडीएनएचा सीक्वेन्स आला आणि २००४ मध्ये हिचा अख्खा जीनोम छापून आला, त्यात लिपचे १० आणि एमएनपीचे ५ जीन. पण जुन्या पेपरात हीच बुरशी स्पोरोट्रायकम पल्व्हरुलेंटम आणि अलीकडे फॅनेरोडोन्शिया क्रायसोस्पोरियम. एन्झाइमचं नाव कुठे लिग्निनेज, कुठे डायएरिलप्रोपेन पेरॉक्सिडेज. त्यात प्रोटीनवाल्यांनी शुद्धीकरणाच्या कॉलममधून बाहेर पडण्याच्या क्रमाने एच१, एच२, एच८ अशी नावं दिली आणि जीनवाल्यांनी लिप-ए, लिप-बी अशी, म्हणजे एच८ आणि लिप-ए ही एकच गोष्ट हे माहीत नसेल तर माणूस दोन वेगळी एन्झाइमं समजून दोन्ही ठेवतो. वर एकाच जीनच्या दोन अलील (थोडीफार वेगळी रूपं) वेगवेगळ्या स्ट्रेनमधून वेगवेगळ्या नोंदी म्हणून बसलेल्या.

असल्या फाइलवर तिने आपले प्रोटीन ब्लास्ट केले, म्हणजे सारखे सीक्वेन्स शोधणाऱ्या प्रोग्रॅममधून ताडून बघितले. एकाला सगळ्यात वरचा हिट "लिग्निन पेरॉक्सिडेज" म्हणून आला, ई-व्हॅल्यू (जुळणी योगायोगाने येण्याचा अंदाज) जवळजवळ शून्य. झालं, लिप सापडलं. जीन सिंथेसिसचं कोटेशनही मागवून झालं. माझ्याकडे ती आली तेव्हा तिला शंका वगैरे काही नव्हती, कोडॉन ऑप्टिमायझेशन (जीन दुसऱ्या जीवात नीट चालावा म्हणून केलेले बदल) बरोबर आहे का एवढंच बघून हवं होतं.

मी विचारलं, "हे लिपच आहे कशावरून?"

"ब्लास्टवरून, ताई."

इथेच सगळं अडलं होतं. लिप, एमएनपी आणि व्हीपी हे तिघं सख्खे भाऊ आहेत, क्लास टू पेरॉक्सिडेज. घडण एक, मध्ये हीम (लोह असलेला, प्रत्यक्ष काम करणारा भाग) तेच, लांबीही जवळपास सारखी. ब्लास्ट खानदान सांगतो, त्या घरातला नेमका कोण ते सांगत नाही. फरक असतो तो मोजक्या जागांवर. लिपमध्ये बाहेरच्या पृष्ठभागावर एक ट्रिप्टोफॅन असतं, एच८ मध्ये ते १७१ नंबरला, त्यातूनच मोठ्या लिग्निनमधला इलेक्ट्रॉन आत हीमपर्यंत जातो. एमएनपीमध्ये ते नसतं, त्याऐवजी मँगनीज धरायला तीन आम्लधर्मी जागा असतात : दोन ग्लुटामेट, ३५ आणि ३९ ला, आणि १७९ ला अस्पार्टेट. व्हीपीमध्ये दोन्ही. आणि ज्यात दोन्ही नाही ते जनरिक पेरॉक्सिडेज, घरातलंच, पण लिग्निनच्या अवघड भागाला हात न लावणारं.

पर्याय काय काय होते

सरांचं म्हणणं होतं, ऑर्डर देऊन टाका, बनवून बघू, काम केलं तर केलं. हा मूर्खपणाचा पर्याय नव्हता हं, जीन सिंथेसिस आता पूर्वीइतकं महाग राहिलेलं नाही. पण ही पेरॉक्सिडेज ई. कोलाय या बॅक्टेरियात बनवली की बहुतेक वेळा इन्क्लुजन बॉडीत, म्हणजे नीट घडी न बसलेल्या प्रोटीनच्या गोळ्यांत, अडकून बसतात, मग ती विरघळवून हीम घालून परत घडी बसवावी लागते, त्यात महिने जातात. आणि शेवटी काम केलं नाही तर दोष रिफोल्डिंगचा की जीन मुळातच चुकीचा, हे कळायला मार्ग नाही. मला तो पर्याय यासाठी नको होता.

दुसरा पर्याय, आहे तीच फाइल साफ करायची : तुकडे काढा, डुप्लिकेट काढा. मुलीला हाच हवा होता कारण त्यात तिचे तीन आठवडे वाया जात नव्हते. पण तुकडे काढता येतात, खोटी नावं कशी काढणार? त्यासाठी खरं काय ते आधी माहीत पाहिजे, म्हणजे फिरून तिथेच.

तिसरा, मायकोकॉझमवरून पाच-सहा व्हाइट रॉट बुरशांचे अख्खे जीनोम घ्यायचे आणि सगळे पेरॉक्सिडेज उचलायचे. हे जॉइंट जीनोम इन्स्टिट्यूटचं फंगसचं पोर्टल, डेटा भरपूर आणि चांगला. अडचण दोन : तिथली नावंही बहुतांश मशीनचीच, आणि जे जीनोम अजून पेपरात आलेले नाहीत त्यांच्यावर अख्ख्या जीनोमचं विश्लेषण करून छापायचं असेल तर आधी त्या प्रोजेक्टच्या प्रमुखांना विचारावं लागतं. डाउनलोडचं बटण दाबता येतं म्हणून वापरायची परवानगी मिळाली असं नाही, आणि हे बऱ्याच जणांना रिव्ह्यूच्या वेळी कळतं.

चौथा, उलट्या बाजूने सुरुवात. ज्या प्रोटीनवर कुणीतरी प्रत्यक्ष काम केलंय तेवढेच थोडे सीक्वेन्स घ्यायचे आणि तिथून बाहेर वाढवत जायचं. कॅझी डेटाबेसमध्ये २०१३ पासून लिग्निनशी संबंधित ऑक्सिडेशनवाल्या एन्झाइमांचे एए नावाचे गट आहेत : एए१ मध्ये लॅकेस आणि त्यांचे नातेवाईक, एए२ मध्ये आपले पेरॉक्सिडेज, एए३ मध्ये एरिल अल्कोहोल ऑक्सिडेज आणि सेलोबायोज डिहायड्रोजिनेजसारखे, एए५ मध्ये ग्लायोक्झल ऑक्सिडेज. प्रत्येक गटात ज्यांची बायोकेमिस्ट्री झालीय त्यांची यादी वेगळी दिसते. शिवाय युनिप्रॉट या प्रोटीन डेटाबेसमध्ये स्विस-प्रॉटचा माणसांनी तपासलेला भाग आहे, आणि तिथे नावाऐवजी ई.सी. नंबराने (एन्झाइमला त्याच्या कामावरून दिलेला नंबर) शोधता येतं : लिप १.११.१.१४, एमएनपी १.११.१.१३, व्हीपी १.११.१.१६. नंबराला टोपणनावं नसतात हा मोठा फायदा.

चौथा घेतला. सरांना पटवायला अर्धा तास गेला, शेवटी "दोन आठवडे द्या, नाहीतर तुमचं कोटेशन आहेच" यावर तयार झाले.

काय केलं

जुनी फाइल डिलीट नाही केली, बाजूला ठेवली. कोरी शीट उघडली आणि नियम लिहिला : सीक्वेन्स पूर्ण लांबीचा हवा, आणि ते प्रोटीन एक तर शुद्ध करून तपासलेलं हवं, नाहीतर त्याची रचना सोडवलेली हवी. बस. असे वीसच्या आसपास जमले, हीच आमची बियाणं. त्यात फॅनेरोकीटीचं एच८ आणि एमएनपी१, प्ल्युरोटस एरिंजायचं व्हीपी, आणि मुद्दाम कॉप्रिनॉप्सिस सिनेरियाचं जनरिक पेरॉक्सिडेजही, कारण "हे नाही" म्हणायलाही नमुना लागतो. प्रत्येकासमोर ॲक्सेशन नंबर (डेटाबेसमधला नोंद क्रमांक), त्याच्या टिंबापुढचं व्हर्जन, स्ट्रेन, पुरावा काय आणि उतरवल्याची तारीख. कॅझी आपल्याला तयार फास्टा हातात देत नाही, ॲक्सेशन नंबर देतं, ते एकत्र करून एनसीबीआयमधून एकदम मागवावे लागतात. दीड दिवसाचं काम.

मग आपल्या जीनोममध्ये शोध. ब्लास्टऐवजी हमर वापरलं, जे एका सीक्वेन्सऐवजी अख्ख्या कुटुंबाच्या साच्याने शोधतं, आणि पीफॅम या प्रोटीन कुटुंबांच्या डेटाबेसमधलं पेरॉक्सिडेजचं मॉडेल लावलं, पीएफ००१४१. यात सायटोक्रोम सी पेरॉक्सिडेज आणि कॅटलेज-पेरॉक्सिडेजही येतात, ते पेशीच्या आतले, आपल्या कामाचे नाहीत. म्हणून दोन चाळण्या : पीएफ११८९५, हे बुरशीच्या बाहेर सोडल्या जाणाऱ्या पेरॉक्सिडेजच्या शेपटाकडच्या भागाचं मॉडेल, आणि सुरुवातीला सिग्नल पेप्टाइड (प्रोटीनला पेशीबाहेर पाठवणारा तुकडा). हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरले.

त्यातला एक सिग्नल पेप्टाइड नाही म्हणून बाद होत होता. मी म्हटलं थांब, आधी जीन मॉडेल बघू. या बुरशांमध्ये इंट्रॉन (जीनमधले गाळले जाणारे भाग; उरतात ते एक्झॉन) बारीक असतात, पन्नास-साठ बेसचे, आणि एका जीनमध्ये बरेच, त्यामुळे जीन ओळखणारं सॉफ्टवेअर पहिला छोटा एक्झॉन सहज गाळतं. आरएनएचे रीड (सीक्वेन्सिंगमधून आलेले छोटे तुकडे) जीनोमवर टाकून बघितलं तर खरंच, पुढे अजून एक एक्झॉन होता आणि सिग्नल पेप्टाइड त्यातच. गंमत म्हणजे कोटेशनला पाठवलेला जीन हाच, म्हणजे ऑर्डर गेली असती तर डोकं नसलेलं प्रोटीन आलं असतं.

मग माफ्ट या प्रोग्रॅमने सगळ्यांची अलाइनमेंट केली, म्हणजे सीक्वेन्स एकाखाली एक जुळवून मांडले, आणि तिला जागा तपासायला सांगितल्या. दुसऱ्या दिवशी चेहरा पाडून आली. "ताई, एच८ मध्येच १७१ ला ट्रिप्टोफॅन नाहीये. आपण चुकीचा सीक्वेन्स घेतलाय."

चुकीचा नव्हता. पेपरातले नंबर तयार प्रोटीनचे असतात, डेटाबेसमधला सीक्वेन्स पुढच्या सिग्नल आणि प्रो-पेप्टाइडसकट असतो. एच८ मध्ये तो पुढचा भाग २८ अमिनो आम्लांचा, म्हणजे पेपरातला १७१ हा फाइलमधला १९९. व्हीपीचं ट्रिप्टोफॅन पेपरात १६४ म्हणून सापडतं, तिथे अजून वेगळा फरक. म्हणून नंबर मोजत बसायचंच नाही, अलाइनमेंटमध्ये एच८ चा तो कॉलम धरायचा आणि सरळ खाली बघत यायचं.

खाली बघत आलो. तिचं "लिप" : ट्रिप्टोफॅन नाही, तिन्ही आम्लधर्मी जागा जागेवर. म्हणजे एमएनपी. बाकीचेही बहुतेक एमएनपी, त्यातले काही शेपूट आखूड असलेले, जे ब्लास्टमध्ये व्हीपीसारखे दिसून फसवतात. एकात दोन्ही, ते व्हीपी. एक जनरिक. लिप एकही नाही.

सर म्हणाले जीनोमच अर्धवट असेल. रास्त शंका, ड्राफ्टच होता. म्हणून जीनोम सोडून थेट कच्च्या रीडमध्ये शोधलं, एच८ चा सीक्वेन्स घेऊन. तेच ते भाऊ परत आले, नवीन कुणी नाही. तेव्हा मला विचारायचं सुचलं, जे पहिल्या दिवशी विचारायला हवं होतं : बुरशी नक्की कुठली आहे? आयटीएसचा (बुरशी ओळखायला वापरतात त्या डीएनए भागाचा) रिपोर्ट होता की त्यांच्याकडे, जीनोम करायच्याही आधीचा, फोल्डरमध्ये. प्ल्युरोटसच्या जवळची.

मग काय राहिलं. लिप आतापर्यंत पॉलिपोरेल्स या गणातल्या बुरशांतच मिळालंय. प्ल्युरोटस ॲगॅरिकेल्स या वेगळ्या गणातली. प्ल्युरोटस ऑस्ट्रिएटसच्या जीनोममध्ये असे ९ पेरॉक्सिडेज आहेत, ६ एमएनपी, ३ व्हीपी, लिप शून्य. आमचं चित्र त्याच्याशी छान जुळत होतं. सगळ्यांनी फॅनेरोकीटीचा साचा डोक्यात धरला होता आणि बुरशी भलत्याच घरातली होती.

पण मग ३१० चं रीडिंग कुठून येत होतं? व्हीपीसुद्धा व्हेराट्रिल अल्कोहोलचं ऑक्सिडेशन करू शकतं, हे एक. पण वहीत बघितलं तर टेस्ट घेतली होती पीएच ६ ला, आणि लिपची टेस्ट पीएच ३ च्या आसपास घेतात. दुसरं, हायड्रोजन पेरॉक्साइड न घालता केलेला कंट्रोल वहीत नव्हताच. तो करायला लावला. पेरॉक्साइड नाही, वर पेरॉक्साइड तोडणारं कॅटलेजही घातलं, तरी रीडिंग चढतंय! पेरॉक्सिडेज पेरॉक्साइडशिवाय चालत नाही. हवेतला ऑक्सिजन वापरून हेच काम करणारं म्हणजे एरिल अल्कोहोल ऑक्सिडेज, जे प्ल्युरोटस एरिंजायमध्ये खूप अभ्यासलं गेलंय, आणि जे उलट पेरॉक्साइड तयार करून पेरॉक्सिडेजना पुरवतं.

मग तोच खेळ परत एए३ साठी, यावेळी आठवड्याऐवजी दोन दिवसांत. त्यातही ग्लुकोज ऑक्सिडेज त्याच उपगटात बसतं, म्हणून नुसता गट बघून चालत नाही, एरिंजायच्या एन्झाइममधल्या ५०२ आणि ५४६ या हिस्टिडीनच्या कॉलमवर आणि सीक्वेन्सच्या नात्यांच्या झाडात कोण कुणाजवळ बसतंय यावर बघितलं. दोन-तीन चांगले उमेदवार मिळाले, त्यातला एक आरएनएमध्ये भरपूर.

(लॅकेसबद्दलही विचारलं होतं, त्यात फार गेलो नाही. एवढंच की तिथे फॅनेरोकीटीचा साचा आणखीनच उलटा पडतो, तिच्यात खरं लॅकेस नाहीच, नातेवाईक मल्टिकॉपर ऑक्सिडेज आहेत, आणि कुणी त्यांनाच लॅकेस म्हणून संदर्भाला धरलं तर पुढचं सगळं घसरतं.)

निकाल

पहिलं कोटेशन रद्द केलं. त्याऐवजी व्हीपीचा सीक्वेन्स आणि एक एरिल अल्कोहोल ऑक्सिडेज अशा दोन ऑर्डर गेल्या. व्हीपी अपेक्षेप्रमाणे इन्क्लुजन बॉडीत गेलं, रिफोल्डिंग चालू आहे, थोडी ॲक्टिव्हिटी दिसतेय पण मिरवण्यासारखी नाही. ऑक्सिडेजचं बरं चाललंय. पेपरच्या ड्राफ्टच्या टायटलमधून लिग्निन पेरॉक्सिडेज हे शब्द गेले, ज्याचं सरांना मनापासून वाईट वाटलं, कारण त्याच नावावर त्यांनी दोन ठिकाणी बोलून ठेवलं होतं.

काय वेगळं करता आलं असतं

पहिली चूक माझीच धरते : बुरशीचं घर मी सगळ्यात शेवटी विचारलं. आयटीएस रिपोर्ट पहिल्या दिवशी बघितला असता तर "लिप नसण्याची शक्यता जास्त" हे दहा मिनिटांत कळलं असतं आणि बियाण्याच्या यादीत प्ल्युरोटस जास्त घेतले असते. पेरॉक्साइडचा कंट्रोल तर त्याहून आधीचा, तो सीक्वेन्सपर्यंत यायच्याही आधी व्हायला हवा होता.

दुसरं, जागा बघून नाव द्यायची पद्धत मी इथे जरा ठामपणे सांगितलीय, पण तिला अपवाद आहे. ट्रॅमिटीस सर्व्हिना नावाच्या बुरशीच्या लिपमध्ये ते ट्रिप्टोफॅन नाही, त्याचं काम दुसऱ्याच जागेवरचं, १८१ चं टायरोसिन करतं. आमच्या चाळणीतून ते लिप बाद झालं असतं. आम्ही नंतर ती जागाही तपासली, काही निघालं नाही, पण तपासायची आठवण यादी बंद केल्यावर आली. आज केलं तर अपवाद आधी यादीत टाकेन.

तिसरं थोडं वादाचं आहे. मुलीचं म्हणणं, जुन्या फाइलवर घालवलेले तीन आठवडे फुकट गेले. मला तसं वाटत नाही, कारण नंतर तीच फाइल आम्ही नव्या बियाण्यांसोबत अलाइन करून बघितली आणि "लिग्निन पेरॉक्सिडेज" लिहिलेल्या पूर्ण लांबीच्या नोंदींमध्येही सरळसरळ एमएनपी निघाले. तिचा सगळ्यात वरचा हिट त्यातलाच एक होता.

आता त्यांचे स्वतःचे जीन जेनबँकेत (सीक्वेन्सच्या सार्वजनिक डेटाबेसमध्ये) द्यायची वेळ आली तेव्हा नावावरून परत अडलं. सरांना "लिग्निन पेरॉक्सिडेजसदृश" हवं होतं, म्हणजे शोधात सापडेल. मुलगी म्हणाली, "सर, मग पुढच्या वर्षी कुणीतरी ब्लास्ट करून आपलीच एन्ट्री घेऊन बसेल." सर थोडा वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले लिही काय लिहायचंय ते. एमएनपी म्हणून ओळखलेल्यांपुढे तिने "अंदाजित" लावलं, जनरिकला नुसतं क्लास टू पेरॉक्सिडेज म्हटलं, आणि व्हीपीची नोंद तेवढी रोखून ठेवलीय, रिफोल्डिंगचं काय होतं ते बघून देणार आहे.